चार डबे, एक ओव्हन आणि आंटींचं ताट

वन्सं यंदा न्यू जर्सीहून आल्या तेव्हा बॅगेतून बदाम निघाले नाहीत, चॉकलेटंही नाहीत. पुठ्ठ्याचे चार डबे निघाले. दोन केकच्या मिक्सचे, एक ब्राउनीचा, एक सुंठीच्या बिस्किटांचा. "केक करत बसू नकोस हं यांचा," त्या म्हणाल्या. "तिकडं नाताळात बायका यातनंच कुकीज आणि बार काढतात. दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटं हे शब्द मी लक्षात ठेवले आणि पुढं आठवडाभर त्यांना ऐकवले.

मला गरजही होती. इथं बेळगावात, कॅम्पातल्या आंटी दर नाताळला आमच्याकडं ताट पाठवतात: नेवऱ्या, कलकल, दोदोल, वर क्रोशाचा रुमाल. आमचा फराळ दिवाळीत त्यांच्याकडं जातो, ते वेगळं. पण नाताळचं ताट रिकामं कसं परत करायचं? इतकी वर्षं मी त्यात कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटवलेल्या दुधाची मिठाई, घालत आले, आणि तोही त्यांच्याच घराजवळच्या दुकानातला.

माझी पात्रता आधी सांगते. भाजणं मी शिकले ते बेकरीच्या भट्टीवर. शहापुरात लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायचो आणि नंबर लागेपर्यंत दारात बसायचो. भट्टीवाले काका तूप-साखर हातानं फेसायचे, तो फचफच आवाज अजून कानात आहे. परतताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा इतका तापलेला असायचा की तो फ्रॉकच्या ओच्यात धरायचा. त्यामुळं बिस्किट म्हटलं की ते तुपाचं आणि दाताखाली विरघळणारं, हे माझं माप. डब्यांना हा अन्याय वाटेल, पण दुसरं माप मी कुठनं आणू? घरात 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेला, त्यात आजवर मुख्यतः पापड भाजले गेले.

पहिला डबा पिवळ्या केकचा. वन्संची रीत अशी: डब्यामागं लिहिलेलं पाणी घालायचंच नाही. कोरडं मिक्स, दोन अंडी, अर्धा कप तेल, संपलं. पाणी वगळलं की तेच पीठ केकऐवजी कुकीचं होतं. मी अर्धा कप तेल घातलं, पण आपल्या चहाच्या कपानं. गोळाच होईना, बोटांतनं रवाळ गळायला लागलं. मग मोबाइलवर बघितलं तर अमेरिकन कप सुमारे 240 मिलिलिटरचा, म्हणजे त्यांचा अर्धा कप हाच आपला चहाचा एक भरलेला कप. उरलेलं तेल ओतलं, तर आता पीठ हाताला चिकटायला लागलं. ट्रेमध्ये बारा गोळे ठेवले होते, दहा मिनिटांनी बघते तर सगळे एकमेकांत मिसळून एकच चौकोनी कुकी. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय करालीस गं, घावनं?"

याचं कारण रात्री वन्संकडनं कळलं. त्यांच्या जुन्या वहीतली ही रीत ज्या वेळची, त्या वेळी डबा 517 ग्रॅमचा असायचा. आता माझ्या हातातल्या डब्यावर 432 लिहिलंय. डबा लहान झाला, अंडी आणि तेल तेवढंच राहिलं, मग पीठ पसरणारच की. दुसऱ्या घाण्याला मी उरलेल्या पिठात चार मोठे चमचे मैदा जास्त घातला आणि पातेलं अर्धा तास गच्चीवर ठेवलं. डिसेंबरात बेळगावला फ्रीज लागत नाही, तूपसुद्धा बरणीत दगड होतं. या वेळी गोळे गोळेच राहिले. 350 फॅरनहाइट म्हणजे आपले 177 सेल्सिअस. माझ्या ओव्हनाचा काटा एवढा बारीक बोलत नाही, 180 वर ठेवला, नऊ मिनिटं. मधोमध कच्च्या वाटतात तेव्हाच बाहेर काढायच्या, गरम ट्रेवर त्या आपोआप आवळतात. मी एकदा मन घट्ट करून बारा मिनिटं ठेवल्या, त्या दुसऱ्या दिवशी चहात बुडवाव्या लागल्या.

डब्यावर उंच जागेसाठी वेगळ्या सूचनाही असतात. ते बघून आमचे हे हिशेब करायला बसले, कारण बेळगाव समुद्रापासून सुमारे 2,500 फूट उंच. पण त्या सूचना 3,500 फुटांच्या वरच्या गावांसाठी निघाल्या. ह्यांचा हिरमोड झाला.

चॉकलेटच्या डब्याचं नाव डेव्हिल्स फूड. त्याचा अर्थ, सैतानाचं खाणं, माझ्या मुलीनं आजीला मोठ्यानं सांगितला. सासूबाईंनी आधी नाव ऐकलं, मग डबा उलटासुलटा करून विचारलं, "हिरवा ठिपका कुठाय?" तिकडनं बॅगेत आलेल्या डब्यावर आपला ठिपका कुठला असणार. कोरड्या मिक्समध्ये अंडं नव्हतं, घटकांची यादी मी भिंग लावून वाचून दाखवली. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही आणि माझंही अडलं, कारण अंडी तर घालायचीच होती. शेवटी डबा वजनकाट्यावर निम्मा केला. एक वाटा अंड्याचा. दुसऱ्या वाट्यात बांधून घट्ट केलेलं दही, चहाच्या कपाच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी, आणि तेलही कमी. दह्याच्या कुकीज मऊ झाल्या, किंचित आंबुस, आणि मला खरं सांगायचं तर त्याच जास्त आवडल्या. ट्रे वेगळे, चमचे वेगळे, आणि वेगळं ठेवलंय हे सासूबाईंना दिसेल अशा जागी ठेवलं.

या कुकीज पिठीसाखरेत घोळवून भाजल्या की वर भेगा पडतात आणि काळ्या मातीवर चुना सांडल्यासारखं दिसतं. फोटोत फार छान असतं. माझ्याकडं साखर गायबच झाली, नुसत्या चिकट काळ्या टिकल्या. गडबड आपल्या घरच्या पिठीसाखरेत आहे: ती मिक्सरवर फिरवलेली नुसती साखर, तिकडच्या पाकिटात कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, म्हणून ती ओल धरत नाही. मग मी वाटीभर पिठीसाखरेत एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळलं. आणि त्याआधी गोळे साध्या दाणेदार साखरेत एकदा फिरवून घेतले. चार डब्यांनी मला शिकवलेली एकच गोष्ट सांगा म्हणाल, तर ही.

ब्राउनीचा डबा सोपा. पाठीवर लिहिलंय तसं करा, बार कापा, विषय संपला.

सुंठीच्या बिस्किटांच्या डब्यावर मात्र माझा जीव जडला. त्याची कुळकथा वाचली आणि गंमत वाटली. केकच्या तयार मिक्सची सुरुवातच जिंजरब्रेडपासनं झालेली. पिट्सबर्गच्या डफ नावाच्या कंपनीकडं मळीचा साठा फार झाला, तेव्हा ती मळी पिठाबरोबर वाळवून तिची भुकटी केली आणि 1930 मध्ये पेटंटसाठी अर्ज टाकला. म्हणजे उसाच्या उरलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही! मळी आणि काकवी एक नव्हे, हे मला ठाऊक आहे, पण गुऱ्हाळातनं आलेली काकवी घरात होती. मी डब्यात सांगितलेल्या पाण्याच्या निम्म्या जागी काकवी घातली, वर सुंठ आणि चार लवंगा कुटून. रंग गडद विटकरी आला. बिस्किटं कडेनं चिवट, आत मऊ. घरभर वास सुटला तेव्हा गल्लीतल्या कन्नड अक्का दारातनंच विचारून गेल्या, काढा उकळलाय का म्हणून.

आता आपल्याकडच्या पाकिटांबद्दल, कारण प्रत्येकाची नणंद काही न्यू जर्सीला नसते. अंड्याविना केकचं देशी पाकीट इथं सहज मिळतं, वर हिरवा ठिपका ठळक. पहिलं मी जवळच्याच एका दुकानातनं घेतलं, ते मुदत संपून चार महिने झालेलं. घरी येऊन भाजल्यावर कळलं: फुगलंच नाही, पाटावरच्या वडीसारखं बसून राहिलं. आतली बेकिंग पावडर जुनी झाली की असंच होतं. दुकानदार म्हणाला, "चालतंय की काकू." चालत नाही. बेकरीचं साहित्य विकणाऱ्या दुकानांतनं घ्या, तिथं माल खपतो म्हणून ताजा असतो, आणि तारीख तरीही बघाच.

चांगल्या पाकिटाचे मी कुंद्याचे बार केले. व्हॅनिलाच्या मिक्समध्ये वितळलेलं लोणी चोळून दोन-तीन चमचे दूध घातलं, भाजायच्या भांड्यात बोटांनी दाबून बसवलं आणि बारा मिनिटं भाजलं. वर कुंदा, दोन चमचे दुधात सैल करून पसरलेला, त्यावर चंदगडचे काजू भरड, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर गोडावर गोड होऊन घशात बसतं. पुन्हा दहा मिनिटं. कुंदा मुळातच आटवून तपकिरी झालेला असतो, त्यामुळं तो करपायला वेळ लागत नाही, वरची कॉइल बंद ठेवा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. मी लावली. पहिल्या रांगेला बार म्हणायचं धाडस होत नव्हतं, ती आम्ही उभ्या उभ्या चमच्यानं खाल्ली.

तर माझं मत. अमेरिकन डब्यांच्या कुकीज दिसायला आणि मऊपणाला चांगल्या, पण सगळ्यांत एकच व्हॅनिलाचा सेंट आणि साखर आपल्या जिभेला जास्त. तुपाचा वास नाही तो नाहीच. दुसऱ्या दिवशी त्या केकसारख्या फुसफुशीत होतात, त्यामुळं ताटात घालायच्या असतील तर त्याच सकाळी भाजा. कुणी आणून दिले तर घ्या. आयात मालाच्या दुकानातनं मुद्दाम पैसे मोजून घेऊ नका, तेवढ्यात देशी दोन पाकिटं आणि काजू येतात. सुंठीचा डबा अपवाद, पण तोही काकवीमुळं. नानकटाईची तहान यातलं काहीही भागवत नाही, त्यासाठी भट्टीच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि मी दिवाळीला राहतेच.

दहा मिनिटांच्या कामाबद्दल वन्संना एवढंच सांगितलं की भांडी कोण घासणार ते त्यात धरलेलं नाही.

पंचवीस तारखेला आंटींचं ताट नेहमीप्रमाणं आलं. मी रिकामं करून त्यात एका बाजूला काळ्या भेगाळ कुकीज, एका बाजूला काकवीची बिस्किटं, मधे कुंद्याचे बार मांडले आणि त्यांचाच रुमाल वर घातला. मुलगा सायकलवरनं देऊन आला. अर्ध्या तासात आंटींचा फोन. त्यांनी आधी कुंद्याचा बार कसा केला ते विचारलं, मग काकवीच्या बिस्किटात काळी मिरी घातली असती तर, असं सुचवलं. मी विचारलं, "आणि काळ्या कुकीज?" त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, "त्या पोरांनी खाल्ल्या बाय."

एक पिवळा डबा कपाटात अजून आहे. वन्संनी जाताना आणखी एक काढून ठेवला होता, तो मला काल सापडला. सासूबाई म्हणतात, त्यातसुद्धा काकवी घालून बघ.