इनामदाराचा माग काढायचाय? पुण्याच्या पुराभिलेखागाराविषयी

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या अपरिचित इनामदाराचं आयुष्य जुळवायला पुण्याच्या पुराभिलेखागारासारखी जागा नाही. लोक त्याला अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. इथली कागदपत्रं मात्र आडनावावर लावलेली नाहीत. ती त्या त्या कार्यालयाच्या आणि प्रांत-परगण्याच्या हिशेबाने रुमालांत बांधलेली आहेत. म्हणून निघण्यापूर्वी गाव जुन्या काळी कुठल्या परगण्यात, कुठल्या तर्फेत (परगण्याच्या पोटभागात) होतं हे पक्कं करा. आजचा तालुका सांगून शोधलंत तर दिवस फुकट जाईल.

सातबारा आणि जुने फेरफार घेऊन येणारे हमखास अडतात. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे ती साखळी विसाव्या शतकाच्या दारातच तुटते. त्यामागे जायचं तर इनाम कमिशनचे कागद मागा. 1852 च्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला. त्यासाठी दिलेल्या कैफियतीत इनाम कोणी दिलं, कोणाकडून कोणाकडे आलं, वंशावळ काय, भाऊबंदांचा वाटा किती, हे सगळं येतं. माणूस खऱ्या अर्थाने भेटतो तो इथेच. मात्र कैफियत म्हणजे दावेदाराची बाजू. सनदेची नक्कल आणि कमिशनचा निकाल शेजारी ठेवल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

हे कागद मोडी लिपीत असतात. ती येत नसेल तर जाणकार सोबत हवाच. ओळ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली, शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नाव सापडत नसेल तर आधी ‘बिन’ शोधा: डावीकडे मुलगा, उजवीकडे बाप. आडनाव बहुधा नसतंच. असतं ते ‘पाटील मौजे अमुक’.

तारखांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: ‘सलासीन मया तैन व अलफ’, तीस, दोनशे आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1230, इसवी 1829-30. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवायचे, फसली या महसुली सनात 590 किंवा 591, शकात 78 किंवा 79. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून वैशाखातला कागद एका वर्षाने चुकतो आणि बापाच्या मृत्यूनंतरची सही बापाच्या नावावर चढते.

क्षेत्र जुळवतानाही सावध राहा. जुन्या कागदात 20 पांडांचा बिघा आणि 120 बिघ्यांचा चाहूर. ब्रिटिश मोजणीनंतर एकर-गुंठे. बिघा जागोजाग वेगळा असल्याने सरळ गुणाकार करू नका. त्याच शेताचा सर्व्हे नंबर शोधून ताडून घ्या. ते मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयाकडे असतात.

इनामदार, देशमुख, वतनदार पाटील असेल तर निःशंक इथे या. साध्या रयतेच्या माणसासाठी आधी गावची मोजणी आणि नोंदणी कार्यालयातले खरेदी-गहाण दस्त पाहा. रत्नागिरीकडच्या खोतासाठी मुंबईचं पुराभिलेखागारही धुंडाळा. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.