दुखापतींचा अभ्यास: कॅज्युअल्टीत बसायचं की घरं फिरायची?

पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) एमडीचा किंवा एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचा) सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायची वेळ आली, ‘दुखापती आणि त्यानंतरचं स्वास्थ्य’ असा विषयही ठरला, की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. माहिती गोळा करायची कुठून? कोल्हापुरात राहून हे काम करायचं तर दोन वाटा खऱ्या आहेत. एक म्हणजे सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात विभाग; दुसरी म्हणजे करवीर-हातकणंगल्याकडची गावं निवडून घरोघर सर्वेक्षण.

तिसरी वाट पोलिसांच्या नोंदींची. ती आधीच बाजूला ठेवा. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली आणि 4,43,366 जखमी झाली, असं सरकारी आकडे सांगतात. हे आकडे राज्यांच्या पोलिसांकडूनच येतात. म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीसुद्धा नाहीत! कुठल्याही अपघात विभागात एक रात्र काढलेला माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. मृत्यू मोजायला ही नोंद थोडीफार उपयोगी आहे, जखमी मोजायला नाही.

कॅज्युअल्टीचा मोठा फायदा म्हणजे रुग्ण तुमच्याकडे येतात. जखम डोळ्यांसमोर असते, डॉक्टरचं निदान असतं, एक्स-रे असतो, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद असते. चार-सहा महिन्यांत दोन-तीनशे केसेस सहज होतात. पण जुन्या रजिस्टरवर विसंबून आराखडा करू नका. सरकारी रजिस्टरमध्ये बहुतेकदा ओळ असते ती एवढीच: ‘आरटीए (म्हणजे रस्ते अपघात), उजवा पाय, एमएलसी’. हेल्मेट होतं का, गाडी कोण चालवत होतं, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला की खड्ड्यात पडला, यातलं काहीच नाही. ते हवं असेल तर स्वतःचा फॉर्म घेऊन, रात्रपाळीसुद्धा धरून, तिथं बसावं लागतं. फक्त सकाळी दहा ते पाच बसलात तर रात्रीचे अपघात निसटतात.

त्याहून मोठी अडचण छेदाची, म्हणजे दर काढताना ज्या लोकसंख्येने भागायचं तिची. सीपीआरला कोल्हापूरबरोबर सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. मग तुमचे तीनशे जखमी नेमके किती लोकसंख्येतले? उत्तर नाही, म्हणून दरही काढता येत नाही. शिवाय जे आलेच नाहीत त्यांचं काय? शिरोलीच्या फौंड्रीत हात भाजलेला कामगार जवळच्या खासगी डॉक्टरकडे गेला, तर तुमच्या यादीत तो नाही. सर्पदंशाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या देशव्यापी अभ्यासाने 2005 सालचे सर्पदंशाचे मृत्यू सुमारे 45,900 धरले, आणि त्यातले बहुसंख्य दवाखान्याबाहेरचे होते.

म्हणून घरोघर जावं? थांबा, आधी गणित करा. समजा वर्षाला शंभरात चार जणांना कामावर खाडा पडेल एवढी दुखापत होते. 500 घरं फिरलात, साधारण 2,250 माणसं झाली. वर्षाच्या 90 दुखापती, म्हणजे गेल्या एका महिन्यातल्या सात-आठ. एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. मग मार्गदर्शक म्हणतात, बारा महिन्यांचं विचारा. विचारलंत तर लोक विसरलेले असतात. घानामध्ये याचाच अभ्यास झाला होता. एका महिन्याची आठवण विचारली तर शंभर माणसांमागे वर्षाला 27.6 दुखापती निघाल्या, बारा महिन्यांची विचारली तर 7.6. मात्र महिनाभर किंवा जास्त दिवस घरी बसवणाऱ्या दुखापती लोक फारसे विसरले नव्हते. तेव्हा किरकोळ दुखापतींसाठी एक महिना आणि मोठ्यांसाठी वर्ष, असे दोन वेगळे प्रश्न ठेवा.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘घरात कुणाला इजा झाली का?’ म्हटलं की दारातली सासूबाई ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात. तेच एकेक करून विचारा: गाडीवरून कोण पडलं का, कोयता-विळा लागला का, कुत्रं चावलं का, चुलीजवळ भाजलं का? मग तिसऱ्या प्रश्नाला आतून सून बोलते, ‘आवो, मामंजी गोठ्यात घसरले न्हाईत का!’ घरातली मारहाण किंवा औषध पिण्याचा प्रकार मात्र असा चारचौघांत विचारायचा नाही. त्यासाठी एकांत, प्रशिक्षित बाई आणि पुढं पाठवायची सोय हवी. ती नसेल तर तो भाग गाळा. एथिक्स कमिटीही हेच सांगेल.

स्वास्थ्याच्या बाबतीत मात्र माझं मत स्पष्ट आहे: ते कॅज्युअल्टीत मोजू नका. डब्ल्यूएचओ-5 ही जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक स्वास्थ्याची प्रश्नावली सोपी आहे. पाच विधानं, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला चारने गुणलं की 100 पैकी गुण. पण ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. काल मांडी मोडलेल्या माणसाचे गेले दोन आठवडे अपघाताआधीचे असतात. मग तुम्ही मोजलंत काय? तीन महिन्यांनी, प्लास्टर निघून कर्जाचा हप्ता थकल्यावर, घरी जाऊन विचारलंत तर त्या आकड्याला अर्थ येतो.

तर निवड अशी करा. प्रश्न ‘किती जणांना’ असा असेल आणि हाताशी आशाताई, दोन-तीन सहकारी आणि हजारो माणसांपर्यंत पोचायची ताकद असेल, तर गावात जा. एकटेच असाल, वेळ दीड वर्षाचा असेल आणि प्रश्न ‘कशामुळे आणि पुढं काय झालं’ हा असेल, तर कॅज्युअल्टीतून नावं घ्या आणि तीन महिन्यांनी घर गाठा. एमडीच्या विद्यार्थ्याला मी हीच वाट सुचवेन. फक्त शीर्षकात ‘प्रमाण’ हा शब्द घालू नका; छेद नसताना प्रमाण कुठून काढलं, हाच व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न येईल.

दोन्हीकडे ऊसतोड कामगार निसटतात. घरयादीत त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) नसतात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ते बीडकडं परत जातात. त्यांना धरायचं असेल तर नोंदणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच उरका, म्हणजे तीन महिन्यांची भेट हंगाम संपायच्या आत होते. मोबाइल नंबर दोन घ्या, त्यातला एक मुकादमाचा.