लूमच्या पॅनलला एनर्जी मीटर बसवून घेतला, काम चोख आहे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, बिल नक्की कुठल्या मशीनवर जातंय ते बघायला पॅनलवर मल्टिफंक्शन मीटर (व्होल्टेज, करंट, युनिट सगळं दाखवणारा) बसवून घेतला इथल्याच एका पॅनलवाल्याकडनं, आणि खरं सांगतो मीटरपेक्षा वायरिंगच जास्त आवडलं. दुसऱ्या एका कोटेशनमधे फ्यूजचं नावच नव्हतं, बसबारवरनं (पॅनलमधली मेन सप्लायची पट्टी) वायर थेट मीटरला! अहो तिथं फेज टू फेज ४१५ व्होल्ट असतंय, ती बारीक वायर शॉर्ट झाली तर मेन ब्रेकर पडायच्या आधी वायरच पेटेल, कारण तो ब्रेकर अख्ख्या लोडच्या हिशोबानं असतो. आमच्या पॅनलवाल्यांनी तिन्ही फेजला टॅपिंगच्या (बसबारवरनं वायर काढली त्या जागेच्या) अगदी जवळ एचआरसी फ्यूज (शॉर्टचा मोठा करंट सुरक्षित तोडणारे) टाकले.

सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मर, मेन लाइनचा मोठा करंट मीटरसाठी लहान करून देणारा) काम तर बघण्यासारखं. लोड चालू असताना सीटीचं सेकंडरी (मीटरकडं जाणारी बाजू) उघडं राहिलं की टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं, म्हणून तिथं फ्यूज अजिबात नाही, उलट शॉर्टिंग लिंकवाला (सेकंडरीची टोकं एकमेकांना जोडून ठेवता येतात असा) टर्मिनल ब्लॉक दिलाय, उद्या मीटर काढायचा झाला तर आधी लिंक मारायची मग हात लावायचा. सेकंडरीचं एक टोक अर्थ केलंय. सीटीवर पी१ अशी खूण असलेली बाजू सप्लायच्या बाजूला आहे का तेही तिन्ही ठिकाणी तपासलं, उलटा बसला तर त्या फेजचं रीडिंग मायनसमधे जातं.

रेट थोडा जास्त आहे आणि शटडाऊन घेतल्याशिवाय हात लावत नाहीत, त्यामुळं लूम बंद ठेवावे लागतात, पण माझ्या मते असंच पाहिजे. वायरिंगचा ड्रॉइंग मात्र मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.