समुद्री विषाणू मोजण्यासाठी अ‍ॅनोडिस्क २५: ठिसूळ, महाग, तरी घ्यावी अशी

समुद्राच्या वरच्या थरातल्या १ मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात, म्हणजे बॅक्टेरियांच्या दहापट. त्यातले बहुतेक बॅक्टेरियांना लागण करणारे फाज. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे तर ०.०२ मायक्रॉन छिद्रांचं गाळण लागतं, आणि त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची ही २५ मिलिमीटरची चकती अजूनही सर्वांत सोयीची आहे. इतक्याच बारीक छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेनवर छिद्रं विरळ असतात, त्यामुळे पाणी उतरता उतरत नाही. शिवाय ही ओली झाली की पारदर्शक आणि वाळली की पांढरी दिसते. चकती रंगवायला घेण्याइतकी कोरडी झाली का, हे त्यावरून नजरेनेच कळतं.

कड्याची चकतीच घ्यावी. मधला भाग जेमतेम ६० मायक्रॉन जाडीचा आणि काचेसारखा ठिसूळ. चिमटा फक्त प्लास्टिकच्या कड्यालाच लावायचा. खाली ०.४५ मायक्रॉनची ओली सेल्युलोज मेम्ब्रेन ठेवली नाही तर नमुना सारखा पसरत नाही आणि एका दृश्यक्षेत्रात ५० तर शेजारच्यात ५ ठिपके दिसतात. निर्वात दाब १५ सेंटिमीटर पाऱ्याच्या आत ठेवावा. पाणी अचानक भसकन उतरलं तर चकतीला तडा गेलाय असं समजून नमुना पुन्हा घ्यावा.

किनाऱ्याजवळचं पाणी असेल तर १ मिलिलिटर पुरतं. चकती वाळली की नमुन्याची बाजू वर ठेवून ती सायबर ग्रीनच्या (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) १०० मायक्रोलिटर थेंबावर १५ मिनिटं अंधारात ठेवायची. मूळ द्रावण त्या थेंबात ४०० पट विरळ झालेलं असावं. सायबर गोल्ड अधिक तेजस्वी आणि कमी फिकट होणारा, परवडत असेल तर तोच. चमक लवकर फिकी पडू नये म्हणून वर लावायच्या ग्लिसरॉल-बफरमध्ये ०.१ टक्का पी-फेनिलीनडायअमीन ताजं मिसळावं. ते तपकिरी झालं की टाकून द्यायचं. १०० पटीच्या तेल-भिंगाखाली किमान १० क्षेत्रं आणि २०० विषाणू मोजावेत.

आकडे चुकतात ते बहुधा हिशेबात. पाणी जातं ते कीपाच्या आतल्या वर्तुळातून, पूर्ण २५ मिलिमीटरमधून नाही. आतला व्यास १७ असताना २५ धरला, तर उत्तर दुपटीहून जास्त येतं! फॉर्मॅलिन घालून फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यातले विषाणू दिवसागणिक घटतात, म्हणून स्लाइड त्याच दिवशी करून उणे २० अंशांवर ठेवावी. नुसतं गाळलेलं पाणी आणि फॉर्मॅलिन यांची कोरी चकतीही दर वेळी मोजावीच. रंगातच कचरा असला तर तिथे पकडला जातो.

चकती काय दाखवत नाही, तेही ध्यानात असावं. आरएनए आणि एकपदरी डीएनएचे विषाणू फिके पडून निसटतात. उलट डीएनए असलेल्या पेशीबाह्य पिशव्या विषाणू म्हणून मोजल्या जातात. आणि संख्येवरून काम कळत नाही. फाज रोज समुद्री बॅक्टेरियांपैकी साधारण २० ते ४० टक्के मारतात, फुटलेल्या पेशींमधला कार्बन वरच्या प्राण्यांकडे न जाता विरघळून पुन्हा बॅक्टेरियांकडेच वळतो. हा वेग मोजायचा तर ०.२ मायक्रॉनच्या गाळणीने मूळ विषाणू धुऊन कमी करायचे, विषाणूमुक्त समुद्री पाण्यात पेशी ठेवायच्या आणि २४ तासांत नव्याने सुटणारे विषाणू मोजायचे. ६ वेळा, ३ प्रती म्हणजे १८ चकत्या. पेशीत दडून बसलेले फाज जागे करायला मायटोमायसिन सीचा (१ मायक्रोग्रॅम प्रतिमिलि) दुसरा संच लावला की ३६. फुटणाऱ्या वेगळ्या. इथे ही चकती खिशाला जड जाते.

नमुने शंभराच्या वर असतील तर फ्लो सायटोमीटर (रंगवलेले कण एकेक करून लेसरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र) बरा: ०.५ टक्का ग्लुटरल्डिहाइड घालून थंडीत १५ ते ३० मिनिटं ठेवायचं, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि मोजण्याआधी टीई बफरमध्ये विरळ करून रंगासह ८० अंशांवर १० मिनिटं तापवायचं. मात्र त्या यंत्राचे आकडे पडताळायला दहा-बारा चकत्या हाताशी असू द्याव्यात.