म्हापशात घेतलेलं मिल्क थिसलचं बी : दोन स्टार

म्हापशाच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याकडून मिल्क थिसलचं, म्हणजे लिव्हरसाठी घेतात त्या काटेरी झाडाचं, बी घेतलं, तपकिरी, चकचकीत, तिळापेक्षा मोठं, पण पुडीवर ना तारीख ना काही आणि चावलं तर चक्क खवट! वर म्हणतो, उकळून काढा घ्या, लिव्हर एकदम साफ. अहो, यातलं सिलिमरिन, म्हणजे लिव्हरसाठी कामाचा म्हणतात तो घटक, पाण्यात धड विरघळतच नाही, काढ्यात काय कपाळ उतरणार? उंदरांना कार्बन टेट्राक्लोराईड देऊन लिव्हर बिघडवतात, तेव्हा सिलिमरिन दिलेल्यांचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कमी चढतं हे खरंय, पण ते उंदीर, आणि अर्क मोजून दिलेला. आमचे भाऊजी तर फेणी चालू ठेवून वर हे बी चावतात, त्यांचं काय बोलायचं. दोन स्टार, ते पण सुटे पैसे दिले म्हणून.