वाचनालय बघायचं तर जुलैत

डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही वाचनालय चांगलंच दिसतं. फोंडा तालुक्यातल्या एका गावात, पंचायतीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असलेलं हे छोटं वाचनालय ऐन आषाढातही चांगलं दिसतं. आत पाऊल टाकल्यावर कुबट वास येत नाही. गावच्या वाचनालयाची पहिली परीक्षा नाकानेच घ्यावी.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती ८५-९०च्या घरात असते. इथे काउंटरमागे साधा आर्द्रतामापक टांगलेला आहे. पाऊस चालू असताना खिडक्या बंद, उघडीप पडली की दुपारी उघड्या. ‘हवा खेळती ठेवा’ म्हणत भर पावसात खिडक्या उघड्या टाकणारी वाचनालयं बाहेरची ओल आत बोलावतात. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले आहेत आणि सगळ्यात खालचा खण रिकामा. जागा वाया गेली असं वाटेल, पण वाळवी आणि जमिनीची ओल आधी तिथेच चढते. भिंतीला टेकवलेल्या रॅकमागे पाणी झिरपलं तर ते कळायला चवथ (गणेशचतुर्थी) उजाडते.

खण पाऊण भरलेले, कोंबलेले नाहीत. घट्ट खणातून पुस्तक काढताना वाचक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून खेचतो आणि तिथेच पुठ्ठा फाटतो. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं कण्याच्या मध्यावर धरायचं, असं रॅकवर चित्रासकट लावलंय.

बांधणीचं वेळापत्रक तर नमुनेदार. दुरुस्तीला काढलेली पुस्तकं मार्च-एप्रिलमध्ये बाइंडरकडे जातात आणि मे संपण्याआधी परत येतात. जुलैत बांधलेल्या पुस्तकातली खळ आतून सुकत नाही, मग कण्यातूनच बुरशी फुटते. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालणारा बाइंडर त्यांनी धरून ठेवलाय, कारण नुसत्या मैद्यावर कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, तुटून पडते. एक जाड कादंबरी हातात घेऊन पाहिली: सुटे झालेले फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्याने शिवलेले, कण्याला कापड, शिवणीजवळ अक्षर गिळलं जाऊ नये म्हणून आतला समास नीट सोडलेला, कडा फक्त एक मिलिमीटर कापलेल्या. ज्या बाइंडरला कडा कापायची हौस असते तो दुसऱ्या बांधणीत ओळीच कापतो.

बालविभागात मात्र हीच मंडळी घसरली आहेत. फाटलेल्या पानांवर सरसकट सेलोटेप. चार-पाच वर्षांत त्याचा डिंक पिवळा होतो, पट्टी गळून पडते आणि कागदावर तेलकट डाग कायमचा राहतो. पातळ टिश्यू आणि गव्हाची खळ यांना वेळ लागतो, खर्च नाही. शिवाय मुलांच्या पुस्तकांना चारी बाजूंनी चिकटवलेली प्लॅस्टिकची कव्हरं आहेत. आत ओल अडकते आणि कव्हराखाली काळे ठिपके येतात. घालायचंच तर सैल घालावं.

आता निवडीबद्दल. इथली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे नाटकांचा विभाग. जत्रा, काला, शिगमो, त्यात कला अकादमीची नाट्यस्पर्धा. आपल्याकडे नाटकाचं पुस्तक वाचण्याइतकंच बसवण्यासाठी नेलं जातं. म्हणून प्रत्येक संहितेच्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: पुरुष पात्रं किती, स्त्री पात्रं किती, अंक किती, सेट एक की अनेक. प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाला लिहायचं, तेही. ८९१.४६२ या, ड्युई वर्गीकरणातल्या मराठी नाटकांच्या, क्रमांकाखाली नाटकं रचून ठेवणं कुणालाही जमतं. ‘दोनच बाया मिळतात, काही आहे का?’ या प्रश्नाला मिनिटात उत्तर देणं हे खरं वर्गीकरण. जास्त मागणीच्या संहितांच्या दोन प्रती, त्यातली एक बाहेर न देण्याची.

खरेदीआधी मागणीवही चाळली जाते. एकाच पुस्तकाची तीन वेगवेगळ्या वाचकांनी मागणी केली की ते यादीत जातं. कोंकणी पुस्तकं देवनागरी आणि रोमी अशी वेगळ्या खणांत आहेत, कारण दोन्ही लिप्या सहज वाचणारे वाचक कमी. स्पर्धा परीक्षांची गाइडं दोन वर्षांनी बाद. अभ्यासक्रम बदललेलं गाइड ठेवणं म्हणजे पोराचं वर्ष घालवणं. दिवाळी अंक सात दिवसांच्या बोलीवर फिरतात. जुनी वर्तमानपत्रं साठवायचा हव्यास इथे नाही. तशी गरज असणाऱ्याला सरळ पणजीत पाटोवर, १८३२पासून चालत आलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवतात. बरोबरच आहे.

देणगीपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. कुणाच्या घराची आवराआवर झाली की खोकी इथे येतात. आलेली खोकी आठवडाभर बाहेर वेगळी ठेवून, कसर-वाळवी तपासून मगच आत घ्यायला हवीत. इथे ती थेट रॅकशेजारी ठेवलेली दिसली. ‘आमच्या निवडीत बसेल तेच ठेवू’ असं देणाऱ्याला पावतीवरच लिहून द्यावं, म्हणजे पुढची भांडणं टळतात.

संगणकावरची यादी निम्मीच उपयोगी. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टात केल्या होत्या, त्या आता कचऱ्यासारख्या दिसतात. बाकीच्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. शीर्षकातली एक वेलांटी चुकली की पुस्तक ‘नाही’. तोवर दाखल नोंदवहीच खरी.

दहा हजारांच्या आत पुस्तकं, त्यामुळे दरवर्षी पूर्ण मोजणी होते. गहाळ पुस्तकाची वसुली होईल या भीतीने पुष्कळ ग्रंथपाल कपाटांना कुलूप लावतात. केंद्राचे २०१७चे सामान्य वित्तीय नियम मात्र वर्षाकाठी वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानतात, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. इथली कपाटं उघडी आहेत.

जाणार असाल तर जत्रेच्या दोन महिने आधी जा. नंतर नाटकांचा खण रिकामा असतो.