रिपॉझिटरीत बॉट ठेवून वर्ष झालं: कोणता ठेवला, कोणता काढला

कापूस-सोयाबीनच्या बाजारभावांची नोंद ठेवणारं आमचं एक छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) ॲप आहे. त्याचा कोड गिटहब या साइटवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात असतो. तिथली ठरावीक कामं बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, करतात. मी ते घाटंजी तालुक्यातल्या गावातून सांभाळतो. कोड पाठवणारी पोरं यवतमाळ-अमरावतीकडची, बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरची.

सगळ्यात जास्त उपयोग डिपेंडाबॉटचा झाला. ॲपमध्ये वापरलेल्या लायब्ररीची (दुसऱ्यांच्या तयार कोडची) नवी आवृत्ती आली की तो स्वतःच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घेण्याची विनंती, टाकतो. सुरुवातीला त्यांचा ढीग साचायचा. मग आठवड्यातून एकदाच आणि किरकोळ बदल एका गटात, असं ठरवून दिलं. प्रत्येक बदलाच्या चाचण्या गिटहबच्या सर्व्हरवर चालतात आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला फुकट असतात. त्यामुळे गावात लाईट नसली तरी काम अडत नाही. चाचण्या पास झाल्याची हिरवी खूण दिसली की मी बदल वाचतो आणि मोबाइलवरूनच मर्ज करतो, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतो. लेबल लावणारा बॉटही चांगला, त्याबद्दल तक्रार नाही.

जुने इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, बंद करणारा बॉट मात्र मी काढून टाकला. त्याची मूळ सेटिंग अशी की ६० दिवस कोणी बोललं नाही तर इश्यू शिळा, आणि पुढच्या ७ दिवसांत बंद. आमच्याकडे जूनमध्ये पेरणी लागते, मग डवरणी, निंदण, फवारणी. जूनच्या सुरुवातीला इश्यू टाकणारा पोरगा पोळ्यापर्यंत फिरकत नाही. पण त्याने दाखवलेला दोष खराच असतो. एकाने नंतर लिहिलं, "भाऊ, पेरनी होती. आता करतो." तोवर इश्यू बंद झालेला. त्याने पाठवलेली दुरुस्ती आज ॲपमध्ये आहे. मुदत वाढवता येते, पण माणसाने मांडलेली अडचण न वाचताच बंद व्हावी हे मला पटत नाही. महिन्यातून एकदा जुने इश्यू मी स्वतः वाचतो.

बॉटला परवानग्या देताना कंजूषच राहा. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही ॲक्शन (गिटहबवर वापरायचा तयार छोटा प्रोग्राम) हल्लेखोरांनी बदलली. २३,००० हून अधिक रिपॉझिटरी ती वापरत होत्या. टॅग (आवृत्तीची नावं) जुनेच दिसत होते, आतला कोड मात्र बदललेला, आणि पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या बिल्डच्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) छापल्या गेल्या. म्हणून बाहेरची ॲक्शन घेताना टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या नेमक्या कोडची न बदलणारी खूण) लिहा आणि टोकनला (तिला मिळणाऱ्या प्रवेशाच्या किल्लीला) फक्त वाचण्याचा हक्क द्या.

अजून एक. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसली तर वेळापत्रकावर चालणारे वर्कफ्लो (आपोआप होणारी कामं) गिटहब आपोआप थांबवतं. ते ॲक्शन्सच्या पानावर जाऊन हाताने पुन्हा सुरू करावे लागतात.